ठाण्यात क्यूदो सुरू करायचं असेल तर

क्यूदो म्हणजे जपानी धनुर्विद्या. तिचं धनुष्य, म्हणजे युमी, २२१ सेंटिमीटर उंच असतं. फुटांत सांगायचं तर सव्वासात फूट. ते मधोमध धरत नाहीत. मूठ खालून साधारण एक तृतीयांशावर येते, म्हणजे मुठीच्या वर जवळजवळ पावणेपाच फूट धनुष्य उरतं. ओढायच्या आधी दोन्ही हात कपाळाच्या वर न्यावे लागतात. आता आपल्या फ्लॅटचं छत बघा. नऊ, फार तर साडेनऊ फूट. धनुष्य मावतच नाही. माझ्याकडे जपानी शिकायला येणाऱ्यांपैकी दर बॅचला कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, ऑनलाइन धनुष्य मागवू का?" मी म्हणते, आधी घरी जाऊन छत मोज, मग बोलू.

तरीही क्यूदोची सुरुवात ठाण्यात करता येते, आणि चांगली करता येते. मी नोकरीनिमित्त आयची प्रांतात होते तेव्हा तिथल्या नगरपालिकेच्या क्रीडा संकुलातल्या दोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत शिकले, तिथेच सांदानपर्यंतच्या परीक्षा दिल्या (दान म्हणजे श्रेणी, सांदान म्हणजे तिसरं दान). परत आल्यावर पाचपाखाडीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एकटीच सराव करायचे, हळूहळू चार-पाच जण जोडले गेले. त्याला मी क्लास म्हणत नाही. जपानात शिकवण्याचं काम बहुधा पाचव्या दानाच्या पुढची माणसं करतात, मी तिथवर पोचलेली नाही. आम्ही सराव करतो, एवढंच. त्या सरावातून माझं एक मत पक्कं झालंय: पहिलं वर्ष बाणाशिवाय काढायचं. ज्यांनी ते काढलं त्यांना जपानात पाऊल ठेवल्यावर फारसं काही विसरावं लागलं नाही.

आपल्याला ठाऊक असलेली तिरंदाजी थोडा वेळ बाजूला ठेवा. ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह धनुष्य असतं, त्याला साइट आणि स्टॅबिलायझर असतात, लक्ष्य ७० मीटरवर, आणि बाण मध्याच्या जितका जवळ तितके गुण जास्त. क्यूदोत धनुष्यावर काहीही लावलेलं नसतं. लक्ष्याला मातो म्हणतात. ते २८ मीटरवर, ३६ सेंटिमीटर व्यासाचं आणि जमिनीच्या अगदी जवळ असतं, त्याचा मध्य फक्त २७ सेंटिमीटर उंचीवर. मागे वाळूचा उतार, त्याला आझुची म्हणतात. बाण मध्यात घुसला काय आणि काठाला घुसला काय, लागला तर लागला, नाही तर नाही. ६० मीटरवरून मोठ्या लक्ष्यावर मारायचा वेगळा प्रकार आहे, पण नवशिक्यानं त्याचा विचार आत्ता करू नये.

बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला बसतो आणि दोरी अंगठ्यानं ओढतात. युगाके नावाचा हरणाच्या चामड्याचा हातमोजा असतो, त्याचा अंगठा आतून टणक असतो आणि बुडाशी एक खाच असते. दोरी त्या खाचेत अडकते, वरून दोन बोटं अंगठ्यावर येतात. गुरूनं एकलव्याचा नेमका उजवा अंगठाच का मागितला असेल, हे मला पहिल्यांदा युगाके चढवला तेव्हा नीट उमगलं. डावखुऱ्यांसाठी सवलत नाही: धनुष्य सगळ्यांच्या डाव्या हातात.

कारभार कसा चालतो

हे आधी सांगते, कारण इथूनच बऱ्याच जणांची दिशा चुकते. जपानात धनुर्विद्येची जुनी घराणी होती. ओगासावारा घराणं दरबारी रीतींसाठी आणि घोड्यावरून बाण मारण्यासाठी ओळखलं जातं, हेकी घराणं रणांगणातल्या पायदळाच्या नेमबाजीसाठी. होंदा तोशिझाने (१८३६ ते १९१७) यांनी दोन्हींतलं घेऊन स्वतःची पद्धत बसवली आणि तोक्योच्या शाही विद्यापीठात शिकवली. १८९५ साली क्योतोत सगळ्या युद्धकलांची एक मोठी संस्था उभी राहिली, दुसऱ्या महायुद्धानंतर ती बरखास्त झाली. १९४९ मध्ये अखिल जपान क्यूदो महासंघ स्थापन झाला आणि आजचं सगळं कामकाज त्याच्याच चौकटीत चालतं.

खालून वर बघितलं तर रचना अशी: गावातला किंवा वॉर्डातला दोजो, त्यावर शहराची संघटना, त्यावर प्रांताची, आणि सगळ्यांच्या वर तोक्योतला महासंघ. दोजो बहुतेक वेळा नगरपालिकेचा, शाळा-कॉलेजचा, कंपनीचा किंवा एखाद्या देवस्थानाचा. शिकवणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्यावर पोट भरत नाहीत. आमच्या दोजोतले सेन्सेई निवृत्त शिक्षक होते आणि सकाळी सगळ्यात आधी येऊन फरशी पुसायचे.

श्रेणी आधी क्यू, म्हणजे प्राथमिक, मग शोदानपासून, म्हणजे पहिल्या दानापासून दहाव्या दानापर्यंत. त्याशिवाय रेन्शी, क्योशी आणि हान्शी अशा तीन पदव्या आहेत. रेन्शीसाठी पाचवं दान लागतं, हान्शीसाठी आठवं. सुरुवातीच्या दानांची परीक्षा प्रांतिक संघटना घेते, वरच्या परीक्षा मध्यवर्ती होतात. सरावाच्या कपड्यावरून मात्र श्रेणी कळत नाही. पट्ट्यांचे रंग या कलेत नाहीतच. नवशिका आणि हान्शी दोघेही सरावाला काळ्या-पांढऱ्यात शेजारी उभे राहू शकतात. त्यामुळे ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणी क्यूदोचा ब्लॅक बेल्ट देऊ करत असेल तर तिथून निघून यावं.

जपानबाहेरच्यांसाठी २००६ साली आंतरराष्ट्रीय क्यूदो महासंघ सुरू झाला. त्याची शिबिरं जपानात, युरोपात आणि इतरत्र होतात, आणि शिबिराला जोडून परीक्षाही होते. पहिली जागतिक स्पर्धा २०१० मध्ये तोक्योत झाली, पुढची २०१४ मध्ये पॅरिसला, त्यानंतरची २०१८ मध्ये पुन्हा तोक्योत.

एक सूचना. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की हात उचलायच्या दोन पद्धती आहेत. शोमेनमध्ये हात समोर सरळ वर जातात, शामेनमध्ये डावीकडे तिरके. महासंघाला दोन्ही मान्य आहेत, पण दोन्हींची सरमिसळ चालत नाही. तुम्ही शोमेन धरा. जपानबाहेर बहुतेक ठिकाणी तीच शिकवतात आणि महासंघाच्या मूळ पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या खंडाचं इंग्रजी भाषांतरही मिळतं.

फरशी आणि खडू

पहिले काही महिने सामान म्हणजे एवढंच. आधी तुमची ओढ मोजा. ताठ उभं राहून डावा हात बाजूला सरळ पसरा, गळ्याच्या मध्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत कुणाला तरी टेप धरायला सांगा. ही लांबी म्हणजे तुमची याझुका. ती साधारण तुमच्या उंचीच्या निम्मी भरते.

आता फरशीचा एखादा लांब, सरळ सांधा निवडा. त्यावर याझुकाएवढी एक बाजू धरून खडूनं समभुज त्रिकोण काढा, तिसरं टोक तुमच्या पाठीमागे येईल असा. सांध्यावरच्या दोन टोकांना पायांचे दोन्ही अंगठे टेकवा आणि पावलं त्रिकोणाच्या दोन बाजूंवर ठेवा. पावलांमधला कोन आपोआप ६० अंश होतो आणि दोन्ही अंगठ्यांतून जाणारी रेघ सांध्यावरून सरळ भिंतीकडे जाते. त्या रेघेच्या टोकाला मातो आहे असं धरायचं. या उभं राहण्याला आशिबुमी म्हणतात. आमच्याकडे एक कॉलेजची मुलगी येते, तिनं घरी बेडच्या कडेला असा त्रिकोण कायमचा पांढऱ्या टेपनं चिकटवलाय. आईची कुरकुर सुरू असते, पण त्या मुलीची पावलं आता बघावीशी वाटतात.

आशिबुमीनंतर दोझुकुरी. वजन दोन्ही पावलांवर सारखं, कंबर बसलेली, मान वर, खांदे खाली. वरून बघितलं तर खांदे, कंबर आणि पावलं एकावर एक, एकमेकांना समांतर. आरशात समोरून बघून हे कळत नाही. घरातल्या कुणाला तरी स्टुलावर उभं करून वरून फोटो काढायला लावा.

बसण्याचा सराव याच काळात करा. आपल्याला वज्रासन नवीन नाही, त्यामुळे सेइझा जमतं. किझामध्ये मात्र पायाची बोटं आत वळवून टाचांवर बसायचं असतं, आणि त्याला महिने लागतात. ज्यांचे गुडघे खरंच दुखतात त्यांनी हट्ट करू नये. उभ्यानं करायची रीतही दोजोत चालते.

रबराचं धनुष्य

याला गोमू-युमी म्हणतात. जपानात ते विकत मिळतं. इथे आम्ही सुताराकडून युमीच्या मुठीच्या मापाचा लाकडी दांडा करून घेतला आणि गोखले रोडवरच्या सर्जिकल दुकानातून व्यायामाची रबरी नळी आणून त्याला बांधली. दांडा गोल नको. खऱ्या मुठीला कडा असतात आणि डाव्या हाताचं सगळं शिक्षण त्या कडांवर होतं. नळी सगळ्यात हलकी घ्या. इथे ताकद कमवायची नाहीये.

पुढच्या सगळ्या पायऱ्या यावर करायच्या. युगामाएमध्ये उजवा हात दोरीला, डावा मुठीला, आणि मग चेहरा मातोकडे वळवायचा. चेहरा एकदा वळला की बाण सुटून संपेपर्यंत परत फिरवायचा नाही. डाव्या पंजाची पकड, तेनोउची, सैलही नको आणि आवळलेलीही नको. बळ अंगठ्याच्या बुडाशी आणि करंगळीकडे असतं. उचिओकोशीत दोन्ही हात समोर, सुमारे ४५ अंशांत वर जातात. हे करताना खांदे कानांकडे सरकतात. प्रत्येकाचे सरकतात. कुणीतरी मागे उभं राहून दोन बोटांनी खांद्यांवर हलकं टेकवलं तरी पुरतं.

मग हिकिवाके. आधी डावा हात लक्ष्याच्या दिशेनं जातो, उजवा कोपरातून दुमडत सोबत येतो. या टप्प्याला दाइसान म्हणतात आणि इथे क्षणभर सगळं जुळवून घ्यायचं. त्यानंतर दोन्ही हात एकाच वेळी बाजूला उघडत खाली येतात. बाण आडवाच राहिला पाहिजे. उजव्या मनगटानं ओढलं की तो लगेच तिरपा होतो. ओढ कोपरातून, पाठीतून आली पाहिजे. बाण गालाला, नाक आणि ओठ यांच्या मधल्या उंचीवर टेकतो आणि उजवी मूठ कानाच्या मागे जाते.

इथे जे थांबणं आहे त्याला काइ म्हणतात, आणि माझ्या मते क्यूदो खरं इथे आहे. बाहेरून माणूस स्थिर दिसतो, आत मात्र दोन्ही हात, छाती, पाठ वाढत असतात. मुलं इथे मनात आकडे मोजतात आणि तीन झाले की सोडून देतात. आकडे मोजू नका. उभी रेघ टाळूपासून पावलांच्या मध्यापर्यंत आणि आडवी रेघ एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत, दोन्ही ताणल्या जातायत का, एवढं बघा. श्वास कोंडू नका, सोडत राहा. हाती खरं धनुष्य आल्यावर याच जागी घाई होते, डोळ्यांना मातो दिसला की बोटं आपसूक उघडतात. जपानातसुद्धा कित्येकांना वर्षानुवर्षं हा त्रास होतो. रबरावर रोज काही मिनिटं काढलेलं काइ तेव्हा कामी येतं.

हानारे म्हणजे सुटणं. बोटं उघडून दोरी सोडायची नसते. छाती उघडत गेली की अंगठा दोरीखालून निघतो. रबरावर हे पूर्ण कळत नाही, म्हणून तिथे सोडण्याचा सराव मी करू देत नाही. हळू परत आणायचं. शेवटी झानशिन: बाण गेल्यावरही हात पसरलेले, नजर तिथेच, एक-दोन श्वास. परीक्षक हे फार बारकाईनं बघतात.

वागळे इस्टेटमधली शेड

खऱ्या युमीसाठी उंच छत लागतं, ते आम्हाला वागळे इस्टेटमध्ये मिळालं. ओळखीतल्या एका दादांचं मशिन शॉप आहे, रविवारी बंद असतं. पत्र्याचं छत चांगलं उंच आहे आणि मागची भिंत जाड काँक्रीटची, तिला दार-खिडकी काही नाही. तिथे आम्ही माकीवारा लावलाय. माकीवारा म्हणजे घट्ट आवळलेल्या पेंढ्याचा दंडगोल. धनुष्याच्या एका लांबीवरून, म्हणजे दोनेक मीटरवरून त्याच्यावर बाण मारतात. चुकायला जागाच नसते, त्यामुळे सगळं लक्ष शरीराकडे राहतं.

पेंढा मुरबाडकडून आणला. तो हातानं झोडलेल्या भाताचाच घ्या. मशिनवर मळलेल्या पेंढ्याच्या काड्या मोडतात आणि बाण आरपार जातो. कापणीनंतर नोव्हेंबरात सांगून ठेवावं लागतं. उन्हात कडक वाळवला, सगळ्या काड्या एका दिशेला लावल्या आणि ट्रकवाले माल आवळतात त्या रॅचेट पट्ट्यांनी आवळून वरून दोर गुंडाळला. दोन दिवसांनी पुन्हा आवळला, आठवड्यानं पुन्हा. जाड सळई हातानं जोर लावून आत जात नाही तोपर्यंत बाण मारला नाही. मागे प्लायवूड आणि रबरी मॅट आहेच. माकीवारासाठी बाणही वेगळे असतात, बिनपिसांचे.

खरं धनुष्य शिकलेल्या माणसाच्या देखरेखीशिवाय हातात घेऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. दोरी कानावर किंवा डाव्या हातावर बसली तर चांगलीच इजा होते. माकीवारावरून बाण उलटा येऊ शकतो, म्हणून मारणाऱ्याच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही. बाणाशिवाय ओढलेली दोरी कधीही सोडायची नाही, धनुष्य मोडतं. गच्चीवर नाही, उपवनला नाही, आणि येऊरला तर मुळीच नाही, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. २८ मीटरचं मोकळं मैदान मिळालं तरी मागे आझुची नसेल तर बाण नाही.

सामान आणि आपला पावसाळा

बांबूची युमी देखणी असते, मियाझाकी प्रांतातलं मियाकोनोजो तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. पण आपल्या हवेत ती सांभाळणं नवशिक्याचं काम नाही. फायबरग्लासची घ्या, आणि हलकी घ्या: सुरुवातीला आठ ते दहा किलोची ओढ पुरते. बाण ॲल्युमिनियमचे, याझुकापेक्षा निदान पाच-सात सेंटिमीटर लांब, म्हणजे जास्त ओढलं तरी टोक मुठीच्या आत येणार नाही. पिसं टर्की किंवा हंसाची बघा. गरुड-ससाण्याची पिसं वन्यजीव व्यापाराच्या नियमांत अडकतात, तसे बाण विमानातून आणूच नका. युमी विमानात मोठ्या आकाराचं सामान म्हणून आधी कळवून न्यावी लागते.

खरी काळजी युगाकेची. चामडं घामानं आणि दमटपणानं बिघडतं, आणि जून ते सप्टेंबर ठाण्यात ते दोन आठवड्यांत बुरशी धरतं. आत नेहमी सुती शितागाके, म्हणजे आतला पातळ हातमोजा घाला, दोन-तीन जवळ ठेवा, भिजला की बदला. युगाके बसूनच घालायचा आणि बसूनच काढायचा, ही रीतही आहे आणि त्यानं पट्टा नीट बसतो. काढल्यावर पंख्याखाली सावलीत वाळवा, मग कापडी पिशवीत सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात. उन्हात नाही, तेल नाही, पॉलिश नाही. युगाके हातावर बसवून बघूनच विकत घ्यावा, म्हणून तो जपानात गेल्यावरच घ्या.

परीक्षा आणि जपान

सुरुवातीच्या परीक्षेत दोनच बाण मारायचे असतात. पाच जणांच्या गटात आत यायचं, नमस्कार, चालणं, बसणं, उठणं, आपल्या पाळीला मारणं, बाहेर जाणं. शोदानला बाण लागलाच पाहिजे असं नाही. पावलं कुठे पडली, पुढच्याची लय सांभाळली का, दोरी निसटली किंवा बाण पडला तर गोंधळ न करता सावरलं का, हे बघतात. म्हणूनच ठाण्यातलं बिनबाणाचं वर्ष वाया जात नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये पाच जणांनी एका रांगेत काठ्या घेऊन केलेला हा सराव थेट उपयोगी पडतो.

जपानात नोकरी किंवा शिक्षणासाठी जाणार असाल तर तुमच्या शहराच्या क्यूदो संघटनेचा नवशिक्यांचा वर्ग शोधा, बऱ्याच ठिकाणी तो वसंत ऋतूत सुरू होतो. फिरायला जाणार असाल तर धनुष्य हातात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याऐवजी आधी लिहून केनगाकूची, म्हणजे फक्त बसून बघण्याची परवानगी मागा. ती सहसा मिळते. स्वच्छ पांढरे मोजे घालून जा, दारात वाका, फोन खिशात ठेवा. बाण आणायला जाणारे आधी टाळ्या वाजवून इशारा देतात, कसे जातात ते बघा. कुणाच्याही युमीला हात लावू नका आणि जमिनीवर ठेवलेलं सामान ओलांडू नका. बघण्याच्या परवानगीचं पत्र जपानीत लिहिलेलं बरं. चार ओळी पुरतात: तुम्ही कोण, कुठून येताय, किती दिवस सराव केलाय आणि कोणत्या वारी यायचंय.